पोथीची नोंद : हस्तलिखितांचे संग्रह आणि त्यांच्या सूची

मुद्रणाचा प्रसार होण्यापूर्वी आपल्याकडील विद्येचा सारा व्यवहार हाताने लिहिलेल्या पोथ्यांवर चालत असे. वेद, व्याकरण, वैद्यक, ज्योतिष, संतांचे अभंग, आख्याने, बखरी, देवस्थानांचे पूजाविधी, किंबहुना घोड्यांच्या रोगांवरील उपचारसुद्धा नकलाकारांच्या हातूनच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आले. अशा असंख्य पोथ्या आजही ग्रंथालयांत, मठांत, देवळांत आणि खाजगी घरांत आहेत. त्यांतील कोणती पोथी कोठे आहे, ती कोणत्या ग्रंथाची आहे आणि तिच्यातील मजकूर कोठपर्यंत शाबूत आहे, हे अभ्यासकाला सांगणारे साधन म्हणजे हस्तलिखितांची सूची होय.

छापील पुस्तकाची नोंद करणे तुलनेने सोपे असते. ग्रंथाचे नाव, कर्ता, प्रकाशक आणि वर्ष ही माहिती आरंभीच्या पानांवर दिलेली असते आणि एका आवृत्तीच्या सर्व प्रती सारख्याच असतात. पोथीचे तसे नाही. तिला मुखपृष्ठ नसते. कर्त्याचे नाव आढळलेच तर शेवटी आढळते. आणि एकाच ग्रंथाच्या दोन प्रती अक्षरशः सारख्या क्वचितच निघतात. म्हणून पोथीची नोंद ही त्या एका प्रतीपुरतीच असते आणि प्रत्येक प्रत उघडून वाचल्यावाचून ती करता येत नाही. ज्या पोथीची नोंद झाली नाही ती विद्येच्या दृष्टीने असून नसल्यासारखी असते.

याचे एक बोलके उदाहरण गोव्याशी निगडित आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. तथापि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. हे काव्य टिकले ते हस्तलिखित नकलांमुळे. अशाच रोमन लिपीतील नकलांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे त्याचे पुनर्मुद्रण झाले. याच काव्याची देवनागरीत लिहिलेली एक प्रत लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात होती. मार्सडेन १८३६ साली निवर्तले; आणि त्या प्रतीचे महत्त्व जस्टिन अ‍ॅबट यांनी विद्वानांच्या नजरेस आणून दिले ते १९२३ साली. मधल्या जवळजवळ नव्वद वर्षांत पोथी सुरक्षित होती, पण मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना तिचा काहीच उपयोग झाला नाही. पोथीचे जतन आणि पोथीची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात यावे.

संग्रह कसे घडले

आपल्याकडील मोठे संग्रह प्रामुख्याने तीन मार्गांनी घडले. पहिला मार्ग राजाश्रयाचा. तंजावरच्या सरस्वती महालाचा पाया नायक राजांच्या काळी घातला गेला आणि पुढे भोसले राजांनी तो संग्रह वाढविला. त्यांतही दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचे कार्य विशेष मोठे आहे. १८२० च्या सुमारास काशीयात्रेस गेले असता त्यांनी तेथूनही ग्रंथ मिळविले. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांना खुले झाले. तेथे संस्कृत व तमिळ ग्रंथांबरोबर मराठी पोथ्यांचाही मोठा संग्रह आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठीत लिहिल्या गेलेल्या वाङ्मयाचा हा फार मोठा ठेवा होय.

दुसरा मार्ग सरकारी शोधमोहिमेचा. लाहोरचे पंडित राधाकृष्ण यांनी १८६८ साली संस्कृत पोथ्यांचा पद्धतशीर शोध घेण्याची सूचना सरकारला केली आणि त्याच वर्षी ती मान्य झाली. मुंबई इलाख्यात ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, पीटर्सन यांनी हे काम केले. गावोगाव फिरून पोथ्या विकत घ्यावयाच्या, जेथे विकत मिळत नसतील तेथे नकला करवून घ्यावयाच्या आणि दरवर्षी अहवाल प्रसिद्ध करावयाचा, अशी त्यांची रीत होती. डेक्कन कॉलेजात ठेवलेला हा संग्रह १९१८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे सोपविण्यात आला. त्यातील ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांचा समावेश युनेस्कोने २००७ साली आपल्या जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत केला.

तिसरा मार्ग विद्याप्रेमी संस्थानांचा. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या प्रोत्साहनाने चिमणलाल दलाल यांनी पाटण आणि जेसलमेर येथील जैन भांडारांची पाहणी केली. पाटणच्या भांडारांतील प्रतींचा आधार घेऊन राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ १९१६ साली प्रकाशात आली आणि तिनेच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. दलाल १९१८ साली अकाली वारले. परंतु त्यांनी केलेल्या नोंदींवरून जेसलमेरची सूची १९२३ साली आणि पाटणची १९३७ साली प्रसिद्ध होऊ शकली. सूचिकार गेला तरी त्याने नीट केलेली नोंद कशी उपयोगी पडते, याचा हा उत्तम दाखला आहे.

सूचींचे प्रकार

सूची एकाच प्रकारची नसते. सर्वांत साधी ती नामावली. तीत ग्रंथाचे नाव, कर्ता व क्रमांक एवढेच दिलेले असते. दुसरी वर्गीकृत सूची. तीत वेद, धर्मशास्त्र, काव्य, वैद्यक अशा विषयवार विभागांत पोथ्या मांडलेल्या असतात. तंजावरचे न्यायाधीश बर्नेल यांनी तेथील संस्कृत पोथ्यांची जी सूची १८८० साली प्रसिद्ध केली, ती या प्रकारची होती. तिसरी वर्णनात्मक सूची. तीत प्रत्येक पोथीचे बाह्यांग, आरंभ, शेवट आणि विशेष यांचे तपशीलवार वर्णन असते. त्याच तंजावरच्या संस्कृत संग्रहाची वर्णनात्मक सूची पी. पी. एस. शास्त्री यांनी १९२८ पासून पुढे १९ खंडांत सिद्ध केली. बर्नेल यांच्या एका ग्रंथाच्या जागी १९ खंड लागावेत, यावरून या दोन प्रकारांतील श्रमाचे अंतर लक्षात येईल.

चौथा प्रकार समुच्चय सूचीचा, म्हणजेच सूचींच्या सूचीचा. जर्मन पंडित आउफ्रेख्ट यांनी अनेक संग्रहांच्या सूची एकत्र करून अकारविल्हे मांडलेली सूची १८९१, १८९६ व १९०३ अशी तीन भागांत प्रसिद्ध केली. मद्रास विद्यापीठाने या कार्याची नवी आवृत्ती १९३५ साली हाती घेतली आणि तिचा पहिला खंड डॉ. वे. राघवन् यांच्या संपादकत्वाखाली १९४९ साली निघाला. एखाद्या ग्रंथाच्या प्रती कोणकोणत्या गावी आहेत, हे अशा सूचीवरून एका दृष्टिक्षेपात कळते. पुण्यात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली आणि ते कार्य १९६६ साली पूर्ण झाले. बडोद्यात रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९७५ साली पूर्ण झाली. कोणती प्रत कोठे आहे हे सूचींनी सांगितले नसते तर या दोन्ही कार्यांचा आरंभही करता आला नसता.

एका पोथीची नोंद

आता प्रत्यक्ष नोंद कशी होते ते पाहू. पोथी हाती आल्यावर पहिले काम तिला दाखल क्रमांक देण्याचे. हा क्रमांक तिचे मूळ सांगणारा असावा. पुण्याच्या सरकारी संग्रहातील पोथ्यांचे क्रमांक ज्या वर्षी त्या मिळाल्या त्या वर्षासह देण्यात आले, तर विश्रामबागवाड्यातील जुन्या पाठशाळेकडून आलेल्या पोथ्या ‘विश्रामबाग संग्रह’ या नावानेच ओळखल्या जातात. पोथी कोणत्या घरातून वा मठातून आली, हे कळले की तिच्या शाखेचा, संप्रदायाचा आणि नकलेच्या परंपरेचा माग काढता येतो.

त्यानंतर लेखनसामग्रीची नोंद होते. काश्मीरकडील जुन्या पोथ्या भूर्जपत्रावर, दक्षिणेकडील बहुसंख्य ताडपत्रावर, तर महाराष्ट्रातील बहुतेक हातकागदावर आढळतात. पानांची लांबी व रुंदी, एकूण पाने, पृष्ठावरील ओळी आणि ओळीतील अक्षरे मोजून लिहावी लागतात. येथे ‘पान’ म्हणजे दोन पृष्ठे हे ध्यानात ठेवावे. कागदी पोथीत पानाचा आकडा बहुधा मागील पृष्ठाच्या समासात असतो आणि त्याच्या जोडीस ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरे असतात. पोथीची पहिली व शेवटची पाने हरवली असतील तर ग्रंथ ओळखण्यास ही दोन-तीन अक्षरेच कामी येतात.

अक्षरे मोजण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. जुन्या काळी नकलाकारांची मजुरी ग्रंथाच्या विस्तारावर ठरे आणि विस्तार मोजण्याचे माप ३२ अक्षरांचे असे. या मापास ‘ग्रंथ’ म्हणत. समजा, एका पोथीत ४० पाने आहेत, दर पृष्ठास १० ओळी आहेत आणि ओळीत ३२ अक्षरे आहेत. तर तिचा विस्तार ८०० ग्रंथ झाला. पोथीच्या शेवटी जर ‘ग्रंथसंख्या १०००’ असे लिहिलेले आढळले, तर मधली काही पाने गळाली असावीत किंवा नकलाकाराने मजकूर गाळला असावा, अशी शंका घेऊन सूचिकाराने पानांचे आकडे पुन्हा तपासावेत.

यानंतर ग्रंथाचा आरंभ आणि शेवट यांतील काही ओळी जशाच्या तशा उतरून घेतात. नकलाकाराच्या चुकाही दुरुस्त न करता ठेवावयाच्या असतात. कारण समान चुका असलेल्या दोन प्रती एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असण्याचा संभव असतो. शेवटी येते ती पुष्पिका, म्हणजे समाप्तीचा मजकूर. अध्यायाचे नाव, कर्त्याचे नाव, नकलाकाराचे नाव, गाव, तिथी, वार आणि ‘हे पुस्तक अमुक याचे’ असा मालकीचा उल्लेख पुष्पिकेत असतो. कधी कोऱ्या पृष्ठावर घरातील जन्ममृत्यूची टिपणे अथवा देण्याघेण्याचा हिशेबही लिहिलेला सापडतो. त्याचीही नोंद करावी. ग्रंथाच्या दृष्टीने ती भर असली तरी स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने तो अस्सल पुरावा असतो.

कालनिर्णयातील सावधगिरी

सूचिकाराची खरी कसोटी कालनिर्णयात लागते. प्रथम रचनेचा काळ आणि नकलेचा काळ यांत भेद केला पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२, म्हणजे सन १२९०, हा रचनाकाल आलेला आहे. तो शक असलेली प्रत्येक पोथी त्या काळची नव्हे, हे उघड आहे. परंतु अप्रसिद्ध ग्रंथांच्या बाबतीत ही चूक सहज होते. शिवाय पुष्कळ नकलाकार समोरच्या प्रतीतील पुष्पिका तिथीसह उतरून काढीत. अशा वेळी कागद, शाई आणि अक्षराचे वळण यांवरून निर्णय करावा लागतो.

काही कवी आकड्यांऐवजी सांकेतिक शब्द वापरतात. चंद्र म्हणजे १, बाण म्हणजे ५, रस म्हणजे ६, नंद म्हणजे ९. आणि हे आकडे उजवीकडून डावीकडे वाचावयाचे. ‘रस-नंद-बाण-चंद्र’ असे आढळले तर शके १५९६ समजावे. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन १६७४ येतो. पौषाच्या सुमारास इसवी सन बदलतो, म्हणून त्यापुढील तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. संवत्सराच्या नावावरून याचा पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागले असता जी बाकी उरते तो दक्षिणेकडील गणनेप्रमाणे संवत्सराचा क्रमांक होय. १५९६ मध्ये १२ मिळविले की १६०८ होतात. त्यांस ६० ने भागल्यावर ४८ उरतात. आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. शिवराज्याभिषेकाचा संवत्सर तोच आहे. शक आणि संवत्सर जुळत नसतील तर दोहोंपैकी एकात नकलाकाराची चूक आहे, अथवा नोंद उत्तरेकडील गणनेची आहे, असे समजून तिथी-वाराची जुळणी खरे जंत्रीसारख्या कोष्टकांवरून पाहावी.

बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर येथील पोथ्यांत विक्रम संवत फार आढळतो, आणि तेथे आणखी एक अडचण उभी राहते. उत्तरेकडे संवताचा आरंभ चैत्रापासून होतो, तर गुजरातेत कार्तिकापासून. त्यामुळे ‘संवत १८०० वैशाख’ ही नोंद उत्तरेकडील असेल तर सन १७४३ येतो आणि गुजरातेतील असेल तर १७४४. शिवाय उत्तरेकडे महिना पौर्णिमेस संपत असल्याने वद्य पक्षाच्या महिन्याचे नावही आपल्याहून वेगळे पडते. पोथी कोठे लिहिली गेली हे ठाऊक नसेल तर सूचिकाराने दोन्ही वर्षे नमूद करावीत. अंदाजाने एकच वर्ष लिहून वाचकाची दिशाभूल करू नये.

लिपी एक, भाषा दुसरी

लिपी आणि भाषा यांसाठी सूचीत दोन स्वतंत्र रकाने असणे अत्यावश्यक आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांची हस्तलिखिते आहेत. त्यांची लिपी रोमन आहे; पण आत जुनी कोंकणी आणि मराठी आहे. रामायण-महाभारतातील कथा त्यांत गोव्याच्या बोलीत सांगितलेल्या आहेत. नुसती लिपी पाहून नोंद करणाऱ्यास हे कधीच कळले नसते. महानुभाव पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असल्याने त्यांतील जुने मराठी गद्य दीर्घकाळ पंथाबाहेर अज्ञात राहिले. कानडी, तेलुगू वा नागरी लिपीत दुसऱ्याच भाषेचा मजकूर असणे ही भाषांच्या सीमेवर वसलेल्या समाजांत नित्याची गोष्ट आहे. अशा ठिकाणी सूचिकाराला दोन भाषा जाणणाऱ्या स्थानिक माणसाची मदत घेतल्यावाचून गत्यंतर नसते.

मोडी कागदांचा प्रश्न याहून निराळा आहे. पोथी हा पूर्ण ग्रंथ असतो, तर दप्तरातील कागद हा एखाद्या व्यवहाराचा तुकडा असतो. पोथ्या विषयवार लावता येतात. दप्तराचे रुमाल मात्र ज्या क्रमाने मूळ कचेरीत बांधले गेले त्याच क्रमाने ठेवावेत. शेजारचा कागद बाजूला झाला की उरलेल्या कागदाचा अर्थ लागेनासा होतो. मोडी पत्रांतील सुहूर सन अरबी संख्यानामांनी लिहिलेला असतो. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७४. त्यात ५९९ मिळविले की १७७३ येते. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने जानेवारीनंतरच्या तारखांसाठी ६०० मिळवावेत.

गोव्यातील अभिलेखागाराची परंपरा १५९५ सालापासूनची आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तेथील पोर्तुगीज दप्तरांचा मार्गदर्शक ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध केल्यावर मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना तेथील साधनांची वाट मोकळी झाली. कागद तेथे पूर्वीपासून होतेच. ते कोणत्या दप्तरात पाहावयाचे, हे त्या ग्रंथामुळे कळू लागले.

घरोघरच्या पोथ्या

मोठ्या संग्रहांच्या सूची बऱ्याच अंशी झाल्या आहेत. खाजगी घरांतील पोथ्यांची स्थिती मात्र चिंताजनक आहे. घरात मोडी वा जुनी नागरी वाचणारे कोणी उरले नाही, वाडा पाडावयाचा ठरला, की माळ्यावरचे बासन खाली येते आणि श्रद्धेने नदीत किंवा समुद्रात विसर्जित केले जाते. त्यात नित्यपाठाची सर्वत्र मिळणारी पोथी होती की एखाद्या स्थानिक कवीची एकमेव प्रत होती, हे कोणालाच समजत नाही. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांत हा धोका अधिक आहे. कारण तेथील वाङ्मयाच्या दुसऱ्या प्रती अन्यत्र असण्याचा संभव कमी असतो.

पोथी घराबाहेर देण्याची इच्छा नसेल तरी तिची नोंद करून देता येते. २००३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हेच तत्त्व स्वीकारले होते, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ज्ञान भारतम् या उपक्रमात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व नोंद करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले असून त्यात खाजगी संग्राहकांचाही समावेश आहे. हस्तलिखित म्हणून गणना होण्यासाठी ते किमान ७५ वर्षांचे असावे लागते. म्हणजे आजोबांच्या हातची अनेक बाडेही या व्याख्येत बसतात.

पोथी सापडल्यास पुढील काळजी घ्यावी. सुटी झालेली पाने आपल्या समजुतीने लावू नयेत. ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने ठेवावीत. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, पाने प्लॅस्टिकमध्ये बंद करू नयेत आणि कडक उन्हात वाळवू नयेत. दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून स्वच्छ सुती कापडात बांधावे व कोरड्या जागी ठेवावे. किडीसाठी वेखंडाची पुरचुंडी जवळ असावी. छायाचित्रे घ्यावयाची झाल्यास प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंची घ्यावीत आणि पानाचा आकडा त्यात आलाच पाहिजे. नुसत्या छायाचित्रांचा ढीगही नोंदीवाचून माळ्यावरील बासनाइतकाच मुका असतो.

म्हणून पोथीसोबत एक चिठ्ठी अवश्य ठेवावी. पोथी कोणत्या घरातली, कोणत्या गावची, पाने किती, पहिले व शेवटचे पान आहे की नाही, लिपी कोणती, आरंभीची आणि शेवटची ओळ काय, शक वा संवत दिला आहे काय, इतकी माहिती त्या चिठ्ठीत असली म्हणजे पुरे. यांतील जे वाचता येणार नाही ते रिकामे सोडावे. ही चिठ्ठी जवळच्या अभिलेखागाराकडे, विद्यापीठाकडे किंवा ग्रंथालयाकडे पोचली, की ग्रंथ ओळखण्याचे काम तज्ज्ञांना करता येईल, मग ते पुढील महिन्यात होवो की पुढील पिढीत.